डब्यावरची टिचकी

बायको : अहो, निदान पाणी तरी घ्या. आल्यापासून त्या गोधडीकडेच बघत बसलाय.

नवरा : ही कुणी शिवली?

बायको : मीच. आणखी कोण शिवणार? आपल्या ट्रकमधल्या सगळ्या मीच शिवल्यात.

नवरा : ही आपल्या ट्रकमधली नाही.

बायको : काहीतरीच. चारी कोपऱ्यांना नाडीचे फासे आहेत की. त्या गिऱ्हाइकाच्या आरशाचा चुरा झाला, तेव्हापासून लावते मी. नाडी ओवून बांधली की सामानावरून घसरत नाही.

नवरा : तेच म्हणतोय. असे फासे तुझ्याशिवाय कुणी लावत नाही. आणि ही मला आज दुसऱ्याच गाडीत मिळाली, कपाटाला गुंडाळलेली. अशा बारा होत्या.

बायको : कुणाच्या गाडीत?

नवरा : तुझ्या भावाच्या.

बायको : त्याची कुठली आलीय गाडी? तो तिकडच्या गोदामात बसून लोकांना भाडी लावून देतो.

नवरा : मीही तेच समजत होतो. सकाळी माल उतरवला, तर नेहमीसारखं म्हणाला, भावजी, परतीचा माल नाही, रिकामेच जा. सहा महिने हेच ऐकतोय. डिझेल जाता-येता दोन्हीकडचं जळतं, भाडं मात्र जातानाचंच. निघालो. वाटेत मागच्या दाराची कडी निसटली, ती बसवून घ्यायला गोदामात परत फिरलो. बघतो तर आपल्यासारखीच बंद डब्याची गाडी धक्क्याला लावलेली आणि आपल्याच गावचा माल भरणं चाललेलं. ड्रायव्हरला विचारलं गाडी कुणाची, तर म्हणाला, बुकिंगवाल्या साहेबांची.

बायको : गोधड्या त्याने मागितल्या होत्या. धाकटा भाऊ आहे, दिल्या शिवून. कशाला हव्यात ते नाही विचारलं.

नवरा : बारा गोधड्या, आणि विचारलं नाहीस.

बायको : नाही विचारलं.

नवरा : बरं. दर खेपेला टायरसाठी बाजूला काढून तुझ्याकडे देत होतो, ते कुठं गेलं? मागचा टायर गेला तेव्हा म्हणालीस, विम्यात संपले. म्हणून मी जुन्याच टायरला रबर चढवून घेतलं. मागच्या महिन्यात तो भर उतारावर फुटला. भरलेली गाडी कशी सावरली ते माझं मला माहीत.

बायको : तुम्ही काय माझी उलटतपासणी घेताय? तो माल पळवतो हे मला कसं कळणार? मी इथं घरात.

नवरा : मघाशी मी गाडी लावली तेव्हा काय म्हणालीस?

बायको : नेहमीचंच. आजही रिकामेच आलात ना, म्हटलं.

नवरा : नेहमीचं नाही. तीन वर्षं तू बाहेर येतेस आणि आधी डब्यावर टिचकी मारतेस. रिकामा खणकतो, भरलेला बद्द वाजतो. मग बोलतेस. आज टिचकी मारलीच नाहीस. माल नाही हे तुला आधीच ठाऊक होतं.

(बायको गोधडीची घडी घालायला घेते. दोनदा चुकते.)

बायको : दोन महिन्यांपूर्वी कळलं.

नवरा : आणि टायरचे पैसे?

बायको : त्याच्या गाडीत घातले.

नवरा : वाटेत येताना देवाला म्हणत होतो, हिला नुसतं गोधड्यांचंच माहीत असू दे.

बायको : ऐका तरी. तुम्ही स्टिअरिंगवर बसलात की तुम्हाला बाकी काही दिसत नाही. टायर, टोल, ब्रेक, विमा, हप्ता, आलेलं सगळं गाडीच गिळते. दोन हप्ते थकलेत. तिसरा चुकला की फायनान्सवाले ओढून नेणार. तो म्हणाला, ताई, भावजींची गाडी बुडणारच आहे, माझ्यात थोडे घाल, घरात एक तरी गाडी राहील. मी भ्याले हो. मुलीची फी कुठून आणायची? तो हिस्सा द्यायचा, त्यातून भरली.

नवरा : माझी बुडत नव्हती, तो बुडवत होता. माझ्याच ताटातलं उचलून तुला वाढत होता, आणि तू पदर पसरून घेत होतीस.

बायको : कळल्यावर मी भांडले त्याच्याशी. म्हणाला, आता सांगितलंस तर तुझेही पैसे गेले.

नवरा : म्हणून तू दोन महिने रोज बाहेर येऊन रिकाम्या डब्यावर टिचकी मारत राहिलीस. मी खाली मान घालून उतरायचो. तूच समजूत घालायचीस, होईल सगळं नीट. मला वाटायचं, सगळं जग एकीकडे आणि ही एक माझ्या बाजूला.

बायको : होते मी तुमच्या बाजूला.

नवरा : गोदामाच्या मालकापुढे आज हात जोडले. त्यांना वाटत होतं, दोन्ही गाड्या माझ्याच. तुझ्या भावानेच तसं सांगून ठेवलेलं. तीन वर्षांत माझ्या गाडीत एकच काच फुटली, त्या माझ्या नावावर त्याला माल मिळत होता. खरं कळल्यावर त्यांनी सगळं उतरवायला लावलं. इथून पुढे परतीचा माल मी थेट त्यांच्याकडून घ्यायचा.

बायको : म्हणजे हप्ता भरता येईल?

नवरा : हप्ता भरता येईल.

बायको : मग ती कपाटं? कोण आणणार आता?

नवरा : गाडी दारातच आहे. जा, टिचकी मारून बघ.