रिकाम्या गोदामाचं वायफाय

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या सरांनी आर्वीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात वायफायचा सिग्नल मोजून डबे लावले ते मे महिन्यात. मे महिन्यात! तेव्हा तिथं चिमण्यांशिवाय काही नव्हतं. सरांची वीस वर्षं केबल ओढण्यात गेलेली, वायफायचं सर्टिफिकेट मात्र नवंकोरं. मी त्यांचा हेल्पर, कॉलेज सोडलेला, म्हणून मी तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा नियम.

तरी मी बोललोच, "सर, सीझनमध्ये इथं छतापर्यंत कापसाच्या गाठी राह्यतात."

"कापसाले का करंट लागते का बे? आधी डिग्री घे, मंग शिकवजो मले."

डिसेंबरात मालकाचा फोन आला. गाठींवरचे बारकोड वाचणारे स्कॅनर बंद, गेटवर ट्रक उभे. "आज चालू नाई झालं, तर तुमचे वायफायचे डबे काढून न्या!"

आम्ही धावलो. दारात सिग्नल फुल, गाठींच्या दोन रांगा ओलांडल्या की शून्य. सर पांढरेफटक. मीही हादरलो, सिग्नल इतका पार मरेल, असं मलाही वाटलं नव्हतं.

"कापूस सिग्नल खाते?" सर पुटपुटले. "पुस्तकात तं भिंती होत्या, काचा होत्या. तुले कसं माहीत?"

"कॉलेज सोडलं त्या दिवशी मी इथंच गाठींमागं लपलो होतो, सर. बाप दिवसभर फोन लावून राह्यला होता. एकदाही लागला नाई."

सरांनी दारावरचा एक डबा उतरवून हातात घेतला. मग म्हणाले, "कुठं बसला होता, दाखव. पहिला डबा तिथंच लावू."