किडीनं जोडलेलं पुस्तक

आता त्या दिवशीची हवा म्हणाल, तर ऊन नाही, पाऊस नाही, वारा तर नावालाही नाही, आभाळ नुसतं तोंड फुगवून बसलेलं, आणि असल्या हवेत खळ वाळत नाही हो! खळ वाळेना की पुस्तक दाबात ठेवून बसायचं, आणि बसलेला माणूस दिसला की कोणीतरी बोलायला येणारच... तसे आले. पोटाचे मोठे डॉक्टर! हॉस्पिटलच्या लायब्ररीमागं माझी बाइंडिंगची खोली, तिथं चाळीस वर्षांत त्यांनी कधी डोकावलं नाही, आणि आज माझा खळीनं बरबटलेला हात हातात घेऊन म्हणतात, "मामा, तुम्ही बांधलेल्या पुस्तकानं माझे डोळे उघडले!" डॉक्टर बाइंडरचे आभार मानतोय? तुम्हाला सांगतो, तिथंच मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुस्तक कुठलं, ते सांगतो. लायब्ररीच्या बाईंनी दोन महिन्यांपूर्वी एक खोकं आणून दिलं होतं. "मामा, दोन पुस्तकं आहेत, एक पोटाच्या रोगांचं, एक मनाच्या. फडताळ कोसळलं आणि पानं मिसळली, तेवढी लावून शिवून टाका." तेवढी! मला अक्षर येत नाही, आकडे येतात. आणि कागद सारखा, आकार सारखा, एक्केचाळीस नंबरची पानं दोन, बेचाळीसची दोन! कोण कुणाचं, ओळखायचं कसं? तर आमच्या धंद्यात एक खूण असते. किडीचं भोक! कीड काही पानं उलटत नाही, ती आरपार जाते. पान उजेडात धरायचं, या पानाचं भोक पुढच्या पानाच्या भोकाशी जुळलं की ती सख्खी भावंडं. माझे वस्ताद म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल रे, कीड नाही बोलायची." तशी मी भोकं जुळवली, शिवलं, दिलं. झालं!

...तर डॉक्टर स्टुलावर बसले आणि सुरूच झाले. "मामा, फार पूर्वी म्हणायचे, उदास माणसाच्या अंगात काळं पित्त साचतं, द्या त्याला जुलाब! मग कोणी म्हणाले, आतड्यात कुजलेलं विष डोक्यात चढतं. काहींनी तर वेड घालवायला आतडी कापून काढली!"

"मग वेड गेलं?"

"पुष्कळदा माणूसच गेला."

घ्या!

"मग म्हणाले, छे छे, पोटाचा संबंधच नाही, सगळं मनात. आणि आता पुन्हा म्हणतात, पोटातले जंतू मेंदूला निरोप धाडतात!"

म्हणजे रुसलेल्या सुनेसारखं झालं की हो, चार दिवस सासरी, चार दिवस माहेरी! आमची आजी तर शाळेचं दार न बघता म्हणायची, "माझ्या पोटात गोळा आला." तिला कुठल्या जंतूनं निरोप धाडला होता? एवढे शिकलेले लोक, इतकी वर्षं, आणि एका म्हातारीपाशीच येऊन थांबले? नाही नाही, कुठेतरी पाणी मुरतंय.

"पण हे पुस्तक!" डॉक्टर स्टुलावरून उठलेच. "शंभर वर्षांपूर्वी या लेखकाला सगळं कळलं होतं! रडणाऱ्या बाईचं वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं, आणि पान उलटलं की थेट मोठ्या आतड्यात! काय झेप आहे, मामा! पुढच्या आठवड्यात माझं भाषण आहे यावर, तीनशे डॉक्टर येणार!"

पान उलटलं की?

माझ्या पोटात आजीचा गोळा आला. ती दोन पुस्तकं फडताळात कशी उभी असायची? एकमेकांना टेकून! आणि कीड काय, पुठ्ठा आला म्हणून "माफ करा, हे दुसरं घर" म्हणत परत फिरते? ती दोन्हीतून सरळ गेलेली, भोकं दोन्हीत एकाच जागी... म्हणजे मी मनाच्या पुस्तकात पोटाची पानं शिवली होती! आणि पोटाच्या पुस्तकात मन कुठं जाऊन बसलंय, ते देवच जाणे, ते अजून कोणी उघडलं नव्हतं.

बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांचा चेहरा असा उजळलेला की शब्द आत गेला तो आतच राहिला. चार दिवस पोट दुखलं. अन्न जाईना. ही म्हणाली, "तुम्ही काहीतरी लपवताय. दाखवून या, नाहीतर मी जाते तुमच्या लायब्ररीच्या बाईंकडे!" गेलो. डॉक्टरांनी पोट दाबलं. "इथं दुखतं? मामा, मनावर काही ओझं?" आता यांना कळलंय आणि माझी परीक्षा घेताहेत की काय? पण भाषण परवावर आलेलं. तीनशे लोकांत या भल्या माणसाचं हसं माझ्या सुईनं व्हायचं! सांगून टाकलं. भोकं, फडताळ, सगळं.

आणि चमत्कार बघा... माझं पोट थांबलं, आणि त्यांचा हात हळूच त्यांच्या पोटावर गेला!

मग मी दोन्ही पुस्तकं उसवली, बाई वाचत गेल्या, डॉक्टर पान हातात देत गेले, मी शिवत गेलो. पोट पोटात, मन मनात. सुटलो म्हटलं.

कसला सुटतोय! भाषण झालंच. माझ्यावर! "एक निरक्षर वृद्ध बाइंडर, मनात चूक दडवली, चार दिवस पोटदुखी, कबुली दिली, तत्काळ आराम!" टाळ्या म्हणे थांबेनात. तेव्हापासून रोज दोन-तीन तरुण डॉक्टर वह्या घेऊन हजर. "मामा, लहानपणी कशाची भीती वाटायची? मामा, आज पोट साफ झालं?" अहो, भांड्यात खळ वाळतेय माझी! आणि हे सगळे इतके गोड का बोलतात? कुठेतरी पाणी मुरतंय, दुसरं काय.

आता कालपासून डोकं ठणकतंय. कोणाला सांगायचं? शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईला सांगितलं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मामा, पोटाचं बोललात ते बोललात, डोक्याचा चकार शब्द काढू नका, नाहीतर या खेपेला ते तुम्हालाच शिवून फडताळात उभं करतील."