बिनतारी फोनची तार

...आणि वर म्हणे पाचवी पिढी! अहो, आमच्या घरात तीन पिढ्या एका न्हाणीघरापुढे रांग लावतात तेव्हाच माझा जीव मेटाकुटीला येतो, त्यात ही फोनची पाचवी, फाइव्ह-जी! तुम्हाला सांगतो, मला त्रास फोनचा नाही, सासऱ्यांचा. आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन, खांबांवर चढून अख्ख्या गावाचं बोलणं जोडलेलं, आणि मोबाइल आल्या दिवसापासून एकच प्रश्न... "ते ठीक आहे हो, जावईबापू, पण तार कुठाय?" पहिला फोन आणला विटेएवढा... "तार कुठाय?" मग त्यात फोटो यायला लागले, मग फोटोतली माणसं हलायला लागली, सिनेमे धावायला लागले, यांची गाडी आपली तिथंच... "तार कुठाय?"

तर त्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या टॉवरवर पाचवी पिढी बसणार होती. मांडव, खुर्च्या, फीत, सगळा थाट! जुना सिग्नल सकाळीच बंद, नवा दहाला सुरू. आणि माझ्या लेकीची नोकरीची मुलाखत बरोब्बर बाराला, फोनवर, व्हिडिओत समोरासमोर! पोरीनं दोन वर्षं डोळे फोडून अभ्यास केलेला हो! वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, अशी बसलीय बिचारी... दहा वाजले, सव्वादहा, साडेदहा... सिग्नलची एक रेघ उमटेल तर शपथ!

धावलो ना मी टॉवरखाली! दोन इंजिनिअर, दोघांच्या मांडीवर लॅपटॉप. "सर, सिस्टिम रीस्टार्ट करतोय." दहा मिनिटांनी विचारलं, "सर, पुन्हा रीस्टार्ट करतोय." अरे, रीस्टार्ट करताय की जप करताय? तेवढ्यात मागून सपातांचा आवाज... फटक, फटक... सासरे! म्हटलं, झालं! आता हे विचारणार. विचारलंच!

"पोरांनो, तार कुठाय?"

मी धरणी दुभंगायची वाट बघतोय. मोठा इंजिनिअर हसला, "आजोबा, हे वायरलेस असतं."

"फोनपासून टॉवरपर्यंत वायरलेस. टॉवरपासून पुढं काय, कबुतरं नेतात?"

दोघांनी लॅपटॉप मिटले! मग धाकटा हळूच म्हणतो, "पुढं... जमिनीखालून फायबर आहे."

"म्हणजे तारच की रे! कुठनं गेलीय?"

निघाली वरात! पुढे सासरे मान खाली घालून, मागे दोन लॅपटॉप, त्यांच्या मागे मी. मांडवाच्या चौथ्या खांबापाशी सासरे थबकले. "हा कधी ठोकला?" मांडववाला छाती फुगवून म्हणतो, "आज सकाळीच! वादळ आलं तरी हलायचा नाही!"

उपटला. खाली वीतभर खोल नळी, आणि खांब नळीतून आरपार!

साडेअकराला पाच कमी. मोठ्या इंजिनिअरनं तार जोडायचं यंत्र काढलं, जेवणाच्या डब्याएवढं. ऊन पडतंय म्हणून सासऱ्यांनी छत्री धरली. नळीतून तार निघाली... केसाएवढी! काचेची! सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एवढीशी? सगळं गाव हिच्यातनं बोलतं?"

"अशी शंभर गावं बोलतील, आजोबा."

सासरे खाली वाकले हो! त्या तारेकडे बघत राहिले, जसं माणूस नातवंडाकडे पहिल्यांदा बघतो ना... तसं. अर्धा तास छत्री धरून उभे, पण यंत्रावरची सावली हलू दिली नाही.

बाराला तीन मिनिटं कमी असताना आमच्या वरच्या खिडकीतनं लेक ओरडली, "आला!" तिकडे फीत कापली, टाळ्या वाजल्या, इकडे मी धावत घरी येऊन जिन्यात देव पाण्यात घालून बसलेला... आणि काय सांगू, नोकरी मिळाली! कसली? सहाव्या पिढीच्या संशोधनाची! म्हणजे ही पाचवी नीट बसायच्या आत पुढची माझ्याच घरातून निघणार!

पोर गेली परगावी. जाताना आजोबांना नवाकोरा फोन देऊन गेली. आता सासरे सुधारले, तारेचं नाव काढत नाहीत! दिवसातून वीसदा शेजारच्या खोलीतून मला फोन लावतात आणि खांबावर चढल्यासारखे ओरडतात, "हॅलो! जावईबापू! आवाज येतोय का?"

मी काय म्हणणार! म्हणतो, "येतोय, बाबा... भिंतीतून केव्हाच आलाय, फोनमधून यायचाय अजून!"