राजापुढची सलामी

"या देशात मला अडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे."

"मग मागच्या खेपेला या दारातून परत कोणाला पाठवलं, मेजर?"

झांबियात कासामा गावाजवळच्या आमच्या बेम्बा जमातीच्या राजाच्या अंगणात भेटीची रांग लागली होती. माझ्यापुढे निवृत्त मेजर चिलुफ्या, आता खाण कंपनीचे वकील. त्यांच्यापुढे नजराण्याची कोंबडी काखेत धरून बाना कासुबा मावशी.

"काय चुकलं माझं? कडक सलाम ठोकला. सेनापतींना ठोकायचो तसा."

"उभ्यानं?"

"सलाम उभ्यानंच ठोकतात, मावशी."

"राजा बसलेला आणि तुम्ही ताडमाड उभे. त्यांना वाटलं असेल, छपराचं माप घ्यायला आलाय."

"चेष्टा नको. आज त्यांनी खाणीसाठी जमीन द्यायला होकार दिला नाही, तर खाण गेली आणि माझी वकिलीही गेली."

"मग पाठीवर आडवे व्हा, या कुशीवरून त्या कुशीवर वळा आणि टाळ्या वाजवा. आमचे आजे तसंच करायचे."

"या सुटात?"

"सूट खाली जातो. टाळ्या वर ऐकू येतात."

"सीमेवर रात्रभर चिखलात सरपटलोय मी. मला काय शिकवता?"

"ते पोटावर. शत्रूपुढे पोटावर, राजापुढे पाठीवर. इथंच करून दाखवा बघू."

मेजर खरोखर आडवे झाले. टाळ्या खणखणीत पडल्या. रांगेनं "वा!" म्हटलं.

"झकास! आता राजा नाही म्हणायचा नाही."

"म्हणणारच नव्हता. मी लढाई हरलो नाही आणि खटलाही."

"ऐका, माझ्याआधी तुमच्याच नावाचा पुकारा झाला. चला, उठा."

"मावशी…"

"आता काय?"

"जरा हात देता का? कंबर धरलीय."