मुकट्यातली वीज

— न्हाई न्हाई, तिथं नका बसू अमृतराव, तो पाट दादांचा हाय, सोवळ्यातला — इकडं सतरंजीवर या, माझ्यासारख्या ओवळ्याजवळ. आमचे रेणुकादासदादा पूजेला बसले की देवाला घाम फुटतो, पण हे उठत न्हाईत. तवर मी हाय की. मुलीच्या बापानं मुलाच्या काकाला खुशाल काय बी विचारावं, आन काका जरा जिभेनं सैल असला तर लईच बरं!

श्रीपाद ना? हाय, मागच्या पडवीत हाय. हैद्राबादला जामियात, म्हंजे तिथल्या विद्यापीठात, बी.एस्सी. करून राहिला, एक साल झालं, एक राहिलं. विषय? पदार्थविज्ञान — तिकडं तबीयात म्हणत्यात. सगळी तालीमच उर्दूत. उष्णतेला हरारत म्हणायचं, विजेला बर्क. सुट्टीत आला की येरझाऱ्या घालत हेच घोकतो — हरारत, बर्क, हरारत, बर्क — आन वहिनी मागनं मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढत फिरत्यात! मला काय कळतंय त्यातलं? मी तिसरीतून सुटलेला. मास्तरांच्या पागोट्यात खाजकुयली कुणी घातली ते अजून कुणाला ठाऊक न्हाई, पण शाळेनं अंदाज बांधला.

तरी पोरानं मला दाखवलं बरं का. काचेची कांडी घ्यायची, रेशमानं घासायची — कागदाचे कपटे टुणकन उडून तिला चिकटतात! आता रेशीम आणायचं कुठून? घरात अस्सल रेशीम एकच — दादांचा पूजेचा मुकटा. दोरीवरनं मीच ओढून दिला. दादा आंघोळ करून ओलेत्यानं उभे, 'मुकटा कुठाय, मुकटा कुठाय' — आन आम्ही काका-पुतणे पडवीत कांडी घासून राहिलो! मग पंचाईत बसली, मुकटा बाटला का न्हाई? मी म्हणालो, काचेला विटाळ नसतो. पोरगं म्हणालं, विजेलाही नसतो. दादा म्हणाले, विजेला नसेल, पण ही वीज उर्दूत शिकलेली हाय — धुवा पुन्हा! हसा की, अमृतराव. लातुरात हसायला बंदी न्हाई अजून.

हां, देगलूरच्या तहसिलीतली जागा — कळलंय आम्हाला. तुमची साहेबांकडं ऊठबस, जागा राखून ठेवली, ज्येष्ठात लग्न लावायचं आन पोरानं लगेच हजर व्हायचं. म्हणजे राहिलेलं साल राहिलंच. दादा तर हो म्हणून बसलेत. आन पोरगं बापापुढं — छे! बापापुढं त्याला उर्दूबी येत न्हाई आन मराठीबी. काल पुस्तकं बांधून माझ्याकडं दिली, 'काका, वाळवी लागू देऊ नका.' मी हसलो. मी कशाला बी हसतो, मयतीला सुद्धा न्यायचं बंद केलंय मला. पण ते हसू काय बरोबर बसलं न्हाई तोंडावर.

तसं तुमचंही बरोबरच हाय म्हणा. नोकरी ती नोकरी. तहसिलीत वीज कशाला पायजे? शाई पायजे, आन साहेब आला की कमरेत वाकता आलं पायजे — ते बी पदार्थविज्ञानच की!

आन तुमची कुसुम म्हणाल तर लई झाक पोर. — अहो, बोललो की मी तिच्याशी! रेणापूरला बघायला आलो तवा तुम्ही आन दादा बाहेर देगलूरचं पक्कं करून राहिला होता. आत वहिनींनी पोरीला चालून दाखव, सुपारी कातरून दाखव, कटाची आमटी कशी करतीस — सगळं करून घेतलं. मी आपला गंमत म्हणून म्हणालो, पोरी, तुला काय विचारायचं असलं तर तू बी विचार. वहिनींनी असे डोळे वटारले! आन तुमची पोरगी खाली मान घालून म्हणते कशी — 'आमच्या बाबांचा मुकटा देवघरातल्या अंधारात सोडताना तडतडतो. ठिणग्या दिसतात. बाबा म्हणतात, ते त्यांच्या पूजेचं तेज. खरं का?' — आता तुमचा चेहरा असा का झाला? दादांचा बी तडतडतो! फक्त ते कुणाला सांगत न्हाईत, मनातल्या मनात संत होऊन बसलेत.

तर तिथंच मुका बसलेल्या आमच्या श्रीपादला कंठ फुटला! रेशीम, उन्हाळ्याची कोरडी हवा, अंगाची घसट — पोहे निवले, वहिनी जांभया देऊन दमल्या, हा थांबंना. मग कुसुम म्हणाली, 'म्हणून पावसाळ्यात तडतडत नाही होय?' पोरगं माझ्याकडं असं बघाया लागलं जणू लॉटरीच फुटली. आन मग ती पोर त्याला म्हणाली, 'एवढं येतं तर कारकुनी कशाला? परीक्षा द्या. मी थांबते वर्षभर. बाबांना हे सांगायची माझी छाती नाही, पण —'

— घ्या. सांडलं. हे तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. निघताना माझ्या पाया पडून म्हणाली होती, काका, बाबांपाशी बोलू नका. आन मी शहाणा बोलत बोलत सगळं ओतून मोकळा! अमृतराव, मला शिव्या द्या, लागल्यास जोडा घ्या, पण घरी जाऊन पोरीवर ओरडू नका हो. तिनं वाईट काय मागितलं?

अहो, उठलात कुठं? टांगेवाल्याला कशाला हाका मारता? मोडायचं असलं तर दादांच्या तोंडावर मोडा, मी कुठल्या तोंडानं सांगू, आन त्या पडवीतल्या पोराला — काय म्हणालात? रेणापूरला? कुणाला विचारायला?

पोरीला?

मग इथं काय करून राहिलात! आरती सुरू झाली. आता दादा बाहेर येतील, हातावर तीर्थ घालतील आन त्याच हाताला ज्येष्ठातला मुहूर्त बांधतील. चहा-बिहा काय मिळायचा न्हाई. जोडे त्या अंगाला हायत. जावा म्हणतो ना — जावा!