शेजारणीचा श्वास

उमरग्याच्या स्टँडवर बब्रुवाननं तोंडापुढं पेपर धरला होता, कान मात्र मागच्या बाकड्यावर होते. तिथं एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या दोघी बसल्या होत्या. पगारी गायनवृंदातल्या असाव्यात.

"महेश्वरीअक्का, सरांनी तुम्हालाच का काढलं?"

"म्हणले, तुमचा न् हर्षालीचा आवाज एकच ऐकू येतो. दोघी कशाला ठेवायच्या?"

"एकच येणार की. शेजारीण श्वास घेईल तवा आपण सूर सोडायचा न्हाय, हे तुम्हीच शिकवलं."

"व्हय. तुला धाप लागाय लागल्यापासून दर ओळीला तुझा सूर म्याच धरला. दोन वर्षं."

"धरला, अक्का."

"काल सर म्हणले, हर्षालीचा श्वास लांब हाय, तिला ठेवू. तू तिथंच उभी होतीस, हर्षाली."

बब्रुवानच्या हातातलं पान उलटायचं राहिलं.

"अक्का, सोमवारी मला एकटीला गायची ओळ दिलीय. लई लांब हाय. मधी श्वास कुठं घ्यायचा, तेवढं सांगता का?"

गाडी लागली. महेश्वरीअक्का पिशवी घेऊन उठली.

"आता कुठंबी घे. लोकांना ऐकू येऊ दे."