नऊ फूट

वहिनी : असे भिंतीकडे तोंड करून काय बसलात, भाऊजी? सुनावणी आत चाललीय, आपल्या वतीनं बोलतायत मास्तर, आणि घाम तुम्हाला!

भाऊजी : उकडतंय.

वहिनी : डोक्यावर पंखा फिरतोय. सकाळपासून बघतेय, घोटभर पाणी घशाखाली उतरलेलं नाही तुमच्या. अहो, आजचा दिवस आपला आहे. दोनदा मोजणी हुकली, ही तिसरी. शेतकऱ्यानं उभं राहून हद्द दाखवल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही, आणि महिनाअखेरपर्यंत ती पुरी झाली नाही की कारखान्यासाठी जमिनी घ्यायची नोटीसच रद्द. मास्तरांनी दहा वेळा समजावलंय.

भाऊजी : समजावलंय.

वहिनी : आणि आपण कुणी दाखवली नाही. अकरा घरांना आतून कड्या. मला तर त्या दिवशी नेमकी शिंक आली. तोंडात पदर कोंबला आणि देवाचं नाव घेतलं, म्हटलं, एवढी एक परतवून लाव बाबा.

भाऊजी : वहिनी, मी कडी काढली.

वहिनी : कसली कडी?

भाऊजी : दाराची. मोजणीच्या दिवशी.

वहिनी : चेष्टा करू नका.

भाऊजी : मागच्या खिडकीतून बघत होतो. मोजणीदार नवखा होता. तुमच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला त्यानं खुंटी ठोकली, ती बांधाच्या आत. चांगली नऊ फूट आत. तिथं बांध वळतो ना, दादानं विहीर खणताना वळवलेला? हद्दीचा खरा दगड पलीकडे जाळीत पुरलेला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

वहिनी : मग ठोकू द्यायची होती.

भाऊजी : तुमचे नऊ फूट माझ्याकडे येत होते.

वहिनी : येऊ देत की! सगळंच जायची वेळ आली होती, त्यात माझे नऊ फूट घेऊन बसलात?

भाऊजी : हे आत्ता कळतं. तेव्हा नुसती खुंटी दिसत होती. दादा अंथरुणावर होता तेव्हा त्याचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, तुझ्या बायकोच्या बांधाला माझा नांगर लागणार नाही. वीस वर्षं लागू दिला नाही. आणि हा मोजणीदार तो कागदावर लावत होता.

वहिनी : बरं. दगड दाखवलात. एका दगडानं काही मोजणी पुरी होत नाही.

भाऊजी : मोजणीची पुढची साखळी टाकली, तर तीही तिरकी. शिंप्याच्या मळ्यात शिरली. तुम्हाला माहीत आहे, तिरकं मला बघवत नाही.

वहिनी : किती हद्दी दाखवल्या?

भाऊजी : दुपार झाली.

वहिनी : किती, विचारलं मी.

भाऊजी : सगळ्या.

वहिनी : अकराच्या अकरा?

भाऊजी : मोजणीदारानं मला पाणी दिलं. स्वतःची छत्री माझ्या डोक्यावर धरली. म्हणाला, बाबा, तुमच्यासारखं जाणतं माणूस भेटलं असतं तर आधीच्या दोन मोजण्या हुकल्या नसत्या. आणि मी, वहिनी... मी खूश झालो. देवानं मला अक्कल दिली ती फक्त बांधापुरती.

वहिनी : सही केलीत?

भाऊजी : म्हणाला, सही नसेल तर वरचे लोक पुन्हा उलटंसुलटं करतील. तुमच्या वहिनींचे नऊ फूट जातील.

वहिनी : माझं नाव पुढे करू नका! मी मागितले नव्हते.

भाऊजी : नाही. नव्हते मागितले.

वहिनी : मास्तरांना हे माहीत आहे?

भाऊजी : आठ दिवस सांगायला जातोय. दारात दिसलो की म्हणतात, या, बसा, जिंकलो आपण. मी बसतो, आणि उठून येतो.

वहिनी : अहो, मग आत जा की आत्ता! तिथं ते छाती ठोकून सांगत असतील की आमचं चिटपाखरूही शेतात नव्हतं. उठा. उठताय का?



(आतलं दार उघडतं. मास्तर हातात एकच कागद घेऊन बाहेर येतात.)

मास्तर : झालं.

वहिनी : काय झालं?

मास्तर : वीस मिनिटं बोललो. कलमं वाचली, तारखा सांगितल्या. साहेबांनी एकदाही अडवलं नाही, म्हणून मला आणखी चेव आला. माझं संपल्यावर त्यांनी हा कागद पुढे सरकवला. ‘सर्व अकरा शेतांच्या हद्दी स्थानिक शेतकऱ्याने समक्ष दाखविल्या. मोजणीबाबत तक्रार नाही.’ खाली सही.

भाऊजी : मास्तर, पायातलं काढा आणि हाणा मला.

मास्तर : बसा हो. खरं सांगू? साहेबांनी तुमचं कौतुक केलं. म्हणाले, इतकी बिनचूक मोजणी या कचेरीत आजवर आली नाही. एरवी दोन शेजारी तरी हद्दीवरून भांडतात आणि काम वर्षभर लोंबकळतं. इथं भांडायला जागाच नाही.

वहिनी : थांबा. म्हणजे नऊ फूट चुकले असते तर?

मास्तर : कसले नऊ फूट?

वहिनी : माझ्या तुकड्याचे. खुंटी चुकीची पडली होती. हे धावत गेले, ती बरोबर करायला.

मास्तर : चुकली होती? आपोआप?

वहिनी : हो.

मास्तर : मग त्या नऊ फुटांवर हरकत घेतली असती, ताई. फेरमोजणी मागितली असती. तेवढ्यात महिनाअखेर उलटून गेली असती.

भाऊजी : एवढ्यावर?

मास्तर : एवढ्यावर.

वहिनी : वर कुठं दाद मागता येईल?

मास्तर : येईल. पण तिथंही हाच कागद जाणार.

भाऊजी : आपली माणसं कुठं आहेत?

मास्तर : खाली अंगणात. शिंप्यानं सगळ्यांसाठी चहा सांगितलाय, निकाल आपल्या बाजूनं लागणार म्हणून. मी त्यांना सांगतो, सही कुणाची ते वाचता येत नाही.

भाऊजी : वाचता येते. तुम्हीच शिकवलीत मला, रविवारच्या वर्गात.

मास्तर : हो. पहिल्या अक्षरालाच ओळखली. वेलांटी अजून चुकीच्या बाजूनं काढता. तरी शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

भाऊजी : खोटं नका बोलू माझ्यासाठी. तुमच्या तोंडी ते शोभायचं नाही. मीच सांगतो.

मास्तर : ऐकून घेणार नाहीत. धाकट्या सुताराचा तर राग ठाऊक आहे तुम्हाला. अंगावर येईल.

भाऊजी : येऊ दे. त्याची हद्द दाखवताना मला विशेष हुरूप आला होता. आजोबांच्या वेळची खूण, कुणालाच आठवत नव्हती.

वहिनी : पुरे! एक शब्द बोलू नका आता त्या खुणांबद्दल.

भाऊजी : नाही बोलत. वहिनी, तुम्ही मागच्या जिन्यानं जा. लोक तुम्हालाही बोल लावतील, हिच्यासाठीच केलं म्हणतील.

वहिनी : म्हणोत. तसंच आहे ते.

मास्तर : ताई, खरंच, तुम्ही इथंच थांबा. मी यांच्याबरोबर जातो.

वहिनी : तुम्ही पुढे व्हा, मास्तर. उठा, भाऊजी. धरा माझा हात. आणि डोळे पुसा आधी, पायऱ्या दिसायच्या नाहीत.